काळी दोनची चढण

कुडाळहून कुणकेवाडीला येताना अगदी शेवटी बिबल्याची चढण लागते. आत्माराम मेस्त्रीची बॅटरीची सायकल ती चढण काळी दोनमध्ये चढायची. चढताना मागच्या चाकातली मोटर जो बारीक सूर धरायची, तो पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीशी तंतोतंत जुळायचा. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण आत्मारामचा सगळा जन्म पेट्यांचे सूर लावण्यात गेलेला, त्याच्या कानांना सुट्टी अशी नव्हतीच. कुकरची शिट्टी, देवळातली घंटा, शेजारच्या म्हशीचं हंबरणं, सगळं त्याच्या डोक्यात कुठल्या ना कुठल्या पट्टीवर जाऊन बसायचं.

त्या मुलखात वाडी तिथं भजनी मंडळ. मंडळाची पेटी वर्षभर खाऱ्या, दमट हवेत पडून असायची आणि चतुर्थी जवळ आली की बुवांना तिची आठवण व्हायची. मग पट्ट्या अडकतात, भाता हवा सोडतो, सूर उतरलेत, असे निरोप यायला लागायचे. आत्माराम हत्यारांची पिशवी सायकलला लावून निघायचा. तीस वर्षं तो साध्या सायकलवरून असा फिरला. बिबल्याची चढण आली की खाली उतरायचा आणि सायकल ढकलत वर यायचा. साठी ओलांडल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, आणि मागल्या गुढीपाडव्याला त्यानं बॅटरीची सायकल घ्यायचं ठरवलं.

किंमत होती एक लाख चाळीस हजार. वाडीत ज्यानं त्यानं आपली अक्कल पाजळली. कुणी म्हणालं, एवढ्यात जुनी चारचाकी आली असती. कुणी म्हणालं, पाय मारायचेच आहेत तर मोटर कशाला आणि मोटर आहे तर पाय कशाला. आत्मारामनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. बायकोचं मात्र त्याला लागलं, कारण सत्यभामा भांडली नाही, एकच वाक्य बोलली. विहिरीला पंप बसवायचं तीन वर्षं चाललं होतं. विहीर, म्हणजे सत्यभामाची बावडी, चढणीच्या माथ्यालाच, आणि ती अजून हातानं रहाट ओढून पाणी काढत होती.

"तुमच्या पायांक मोटार," ती म्हणाली, "नि माझ्या हातांक राट."

पुढल्या वर्षी पंप नक्की, एवढं बोलून तो कुडाळला गेला.

सायकलचं दुकान नेत्रा कोरगावकर नावाची मुलगी चालवत होती. पूर्वी तिथं तिच्या आजोबांचा पेट्रोलपंप होता. आता पेट्रोलची गाडी फिरवणारा माणूस हौशी गणला जायचा, आणि नेत्रा त्याच जागेत बॅटऱ्या बदलून द्यायची, सायकली विकायची. तिनं आत्मारामला सायकलची मेख नीट समजावून सांगितली. पायट्याच्या, म्हणजे पेडलच्या, दांड्यात एक मापक बसवलेला असतो. पाय जोर लावतो तेव्हा लोखंडाचा दांडासुद्धा केसाच्या हजाराव्या भागाइतका पिळवटतो, आणि मापक तो पीळ सेकंदाला हजार वेळा मोजतो. म्हणजे माणूस किती जोर लावतोय हे सायकलला क्षणोक्षणी कळतं. पुढं काय करायचं, हे मालकानं ठरवायचं. 'वाटा' निवडला, तर माणूस जेवढा जोर लावेल तेवढाच मोटर लावते, निम्मा तुझा निम्मा माझा. 'समचाल' निवडली, तर सायकल पहिले पंधरा दिवस मालकाची चाल शिकून घेते आणि मग कायम तीच चाल ठेवते. माणूस कमी पडला तर उरलेलं मोटर भरून काढते, आणि ते इतक्या बेमालूम की पायांना कळतही नाही.

"काका, तुमका कसा होया?" नेत्रानं विचारलं. "रोज येगळा चलात, काय रोज सारखाच होया?"

दुसरा कुणी असता तर दोन्ही चालवून बघू म्हणाला असता. पण उतरलेला सूर जागेवर आणायचा आणि तो हलणार नाही हे बघायचं, हेच ज्याचं आयुष्यभराचं काम, त्याला विचार कसला करायचा.

"सूर हलाक नये," आत्माराम म्हणाला, आणि नेत्रानं समचाल लावून दिली.

पहिल्या पंधरा दिवसांत आत्माराम नव्या नवलाईनं जीव तोडून पाय मारत होता. सायकलनं तीच त्याची चाल म्हणून मनात धरली. सोळाव्या दिवशी बिबल्याची चढण काळी दोनमध्ये लागली आणि तिथंच राहिली.

पुढले महिने झकास गेले. श्रावणात त्यानं एक्केचाळीस पेट्या लावल्या, इतक्या त्यानं चाळिशीतही लावल्या नव्हत्या. संध्याकाळी परतताना सूर लागला की आपण अजून आहोत तसेच आहोत, असं त्याला वाटायचं आणि बरं वाटायचं. गावात आता इंजिनांची घरघर राहिली नव्हती, त्यामुळे तो बारीक सूरही लांबवर जायचा. सत्यभामा विहिरीवर असायची. सूर ऐकू आला की ती हातातली शेवटची कळशी भरून घ्यायची आणि चहाचं आधण ठेवायची. तो पडवीत येऊन टेकेपर्यंत चहा गाळलेला असायचा.

पौषात आत्मारामला ताप आला. आठ दिवस तो अंथरुणात होता. नवव्या दिवशी उठला तेव्हा पडवीच्या तीन पायऱ्या चढताना त्याला खांबाला धरून उभं राहावं लागलं. तरी एका बुवांची पेटी अडून राहिली होती म्हणून तो सायकल घेऊन गेला. परत येताना बिबल्याची चढण लागली, आणि काळी दोन लागली.

घरी आल्यावर चहा पिता पिता त्याच्या मनात ते खटकलं. तापातून उठलेला माणूस तो. तीन पायऱ्यांना धाप लागते आणि चढण त्याच सुरात? दिवस सरले, ताप विसरला, पण ते खटकणं गेलं नाही. आयुष्यात त्याच्या हाताखालून हजारभर पेट्या गेल्या होत्या. पावसाळ्यात उतरली नाही आणि उन्हाळ्यात चढली नाही अशी एकही त्याला भेटली नव्हती. लाकूड हवा पितं, पितळेला गंज धरतो, कातडं सुकतं. वर्षभर जिचा सूर तसूभर हलला नाही अशी पेटी दिसली, तर तिला रोज कुणीतरी गुपचूप लावून ठेवतंय एवढाच त्याचा अर्थ. माणसाचं शरीर तर पेटीहून नाजूक.

शेवटी एके दिवशी त्यानं परीक्षा घेतली. मुद्दाम दोन पेट्या मागं बांधून चढण चढला. काळी दोन. मग खाली जाऊन पुन्हा चढला, या खेपेला पाय पायट्यांवर नुसते ठेवले, फिरतात तसे फिरू दिले. तरी काळी दोन. खरं म्हणजे यात जादू काहीच नव्हती. मोटरमध्ये चुंबकांची रांग तारेच्या वेटोळ्यांसमोरून फिरते, आणि प्रत्येक चुंबक पुढं सरकताना एक बारीक हिसका देतो. सेकंदाला असे तीनशे हिसके बसले की कानाला सूर ऐकू येतो. चाकाची गती तीच, तर हिसके तेवढेच आणि सूरही तोच. गती कुणाच्या जोरावर राहिली, माणसाच्या की मोटरच्या, हे सुरात कुठंच उमटत नाही.

आत्माराम चढणीच्या मध्यावर उतरला. इतके महिने आपण जो सूर आपला समजत होतो तो आपला नव्हताच, हे त्याला कळलं आणि त्याला भीती वाटली. कुणालातरी सांगावं असं वाटलं, पण घरी सांगायची हिंमत झाली नाही. पेटीची कातडी आणायला जातो असं सांगून तो कुडाळला गेला.

नेत्रानं सायकलमधली नोंद पडद्यावर उघडली. पाडव्यापासूनच्या दोन रेघा होत्या. बघता बघता ती जपून बोलायला लागली.

"काका, ही हिरवी रेघ तुमची, ही नारिंगी गाडीची. पौषात ताप इलो तो ह्यो हय, ह्यो खड्डो. आठ-धा दिवसांनी तो भरलो पण." तिनं बोट मागं मागं नेलं. "पण चतुर्थेपासून बघा. हिरवी रेघ खालीच जाता हा."

पाडव्याला दहातले सहा वाटे आत्मारामचे होते. आता जेमतेम अडीच उरले होते. बाकीचे मोटर न बोलता भरत आली होती. नेत्राला वाईट वाटत होतं, कारण अशी नोंद मागितल्याशिवाय दाखवायची नाही हा कंपनीचाच नियम. माणसाचं खासगी असतं ते. तिनं रेघांचा कागद छापून दिला आणि आजच्या आज डॉक्टर गाठा म्हणून सांगितलं. पैसे घेतले नाहीत.

ओरोसला हृदयाच्या डॉक्टर होत्या तेंडोलकर नावाच्या. त्यांनी छातीला नळी लावली, यंत्रावर तपासलं आणि मग तो कागद बराच वेळ निरखला. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप जून होऊन आखडलीय, असं त्यांनी सांगितलं. हृदय जोर लावतं, पण रक्त पुढं पुरतं जात नाही. आत्मारामला हे चित्र काढून दाखवावं लागलं नाही. पेटीच्या भात्यातली झडप कडक झाली की भाता कितीही हाणा, सुराला हवा मिळत नाही. अशा झडपा त्यानं शेकड्यानं बदलल्या होत्या. हीसुद्धा बदलता येते का, एवढंच त्यानं विचारलं.

"येते," डॉक्टर म्हणाल्या. "मांडीतल्या धमनीतून नळी घालून बसवतात. छाती उघडावी लागत नाही. पण महिन्याभरात करून घ्या, लांबवू नका." मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "बहुतेक लोक चक्कर येऊन पडल्यावर माझ्याकडे येतात. दुखणं कधी सुरू झालं हे तारखेनिशी सांगणारे तुम्ही पहिले. मात्र तुम्ही ती चढण पायी चढत असता, तर चार महिने आधी आला असता."

परतीच्या वाटेवर आत्मारामच्या डोक्यात हीच दोन वाक्यं आळीपाळीनं फिरत राहिली. सायकलनं आपल्याला झाकून ठेवलं. सायकलनंच आपल्याला उघडं केलं. मग एक तिसराच विचार आला आणि तो काही जाईना. समचाल आहे तोवर पाय नुसते ठेवले तरी सायकल नेते. शस्त्रक्रिया येत्या चतुर्थीनंतर करू, श्रावण पार पाडू, घरात कुणाला कळायचं कारण नाही. चढण आली. काळी दोन लागली. माथ्यावर सत्यभामानं रहाट थांबवला, कळशी उचलली आणि ती आत गेली. तिच्या चालण्यात कसलीही काळजी नव्हती. ते बघून आत्मारामला स्वतःची लाज वाटली.

चहा तसाच ठेवून त्यानं सगळं सांगितलं. दोन रेघा, झडप, महिन्याभराची मुदत, आणि वाटेत मनात आलेलं तेसुद्धा.

सत्यभामानं ऐकून घेतलं. शस्त्रक्रिया कधी, कुठं, सोबत कोण, हे सगळं तिनं आधी विचारून घेतलं. आपल्याला संशय होता असंही ती म्हणाली. हल्ली तुम्ही पेटी पायरीवरून स्वतः उचलत नाही, बुवांना उचलायला लावता, हे तिनं पाहिलं होतं. मग ती जे बोलली ते सायकल घेतानाच्या बोलण्याहून जास्त लागलं.

"तरी मी गप रवलंय. कित्याक म्हायत आसा? रोज सांजेक सायकल तेच सुरात येय. म्हटलंय, माणूस बरो आसा." तिचा आवाज फुटला. "ती माका रोज खोटा सांगत होती."

आत्मारामला पहिल्यांदाच कळलं की तो सूर आपल्या एकट्यासाठी नव्हता.

फाल्गुनात झडप बसवली. चार दिवसांनी घरी सोडलं, आणि महिनाभर सपाटीवर चालून झाल्यावर डॉक्टरांनी सायकलची परवानगी दिली. बेतानं, दम लागला की थांबायचं, या बोलीवर. मधल्या काळात नेत्राचा निरोप आला होता. वर्ष पूर्ण झालेल्या गिऱ्हाइकाला कंपनी एकच प्रश्न विचारायची: सायकल किमतीला पुरली का? आत्मारामनं उत्तराची जागा कोरी ठेवली. काय लिहावं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

सायकल तपासून घ्यायला तो दुकानात गेला, तेव्हा नेत्रानं आपण होऊन सुचवलं की आता तर समचालच बरी, शरीराला ताण नको, चढणीवर पाय नुसते ठेवा.

आत्माराम म्हणाला, वाटा लावून दे.

नेत्रानं समजावून पाहिलं. वाटा लावला की रोजची चाल वेगळी पडेल, कधी चढण अर्ध्यावर सोडावी लागेल, आणि तुमच्यासारख्या माणसाला तो खाली-वर होणारा सूर सहन होणार नाही. हे ती चेष्टेनं म्हणाली, पण खरं होतं. आत्माराम हसला. उतरलेला सूर घेऊन गावात शिरायचं म्हणजे त्याच्यासाठी फाटक्या सदऱ्यानं लग्नाला जाण्यासारखं होतं.

"उतरलो तर उतरल्याचा ऐकाक येवक होया," तो म्हणाला. "घरात ऐकणारा माणूस आसा."

वैशाखातली संध्याकाळ होती. आत्माराम चढणीआधीच्या पुलावरून निघाला तेव्हा सपाटीला सायकल छान चालत होती. बिबल्याची चढण सुरू झाली, त्यानं पाय लावले, मोटरनं तेवढाच जोर मिळवला, आणि सूर लागला तो काळी एकमध्ये. एक पट्टी नव्हे, मधली पांढरी धरून दोन पट्ट्या खाली. त्याचे कान टवकारले. पहिल्या वळणाला पायांत कळ यायला लागली, सूर घसरत पांढरी एकवर आला आणि तिथं लटपटत राहिला. पाणंदीच्या तोंडाशी दोघं जण बोलत उभे होते, त्यांनी वळून पाहिलं. आत्मारामला वर्षभरापूर्वी जीव गेला तरी हे नको वाटलं असतं. आता त्याला जाणवत होता तो स्वतःचा श्वास, मोठा, पण सरळ. छाती भरत होती, हवा पुढं जात होती. कमी होतं ते पायांतलं बळ, आणि ते शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीमुळे होतं. हे सगळं त्याला स्पष्ट कळत होतं. कितीतरी महिन्यांनी त्याला स्वतःबद्दल खरं काही ऐकू येत होतं.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे सूर पांढरी एकच्याही खाली गेला. दम लागला की थांबायचं, ही बोली होती. तो थांबला, उतरला आणि चढणीला नाव देणाऱ्या बिबल्याच्या झाडाला सायकल टेकवून उभा राहिला. आजूबाजूला एकदम शांत झालं.

श्वास जागेवर येतो न येतो तोच वळणावरून सत्यभामा उतरताना दिसली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. ती धावत नव्हती, पण रेंगाळतही नव्हती. जवळ येऊन तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, ओठांचा रंग पाहिला, मग हात कपाळाला लावला. छातीत काही होतंय का विचारलं. होत नाही, नुसते पाय थकले, असं त्यानं सांगितलं. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला.

इतक्या लवकर कशी आलीस, मी तर आत्ताच थांबलो, असं त्यानं विचारलं.

"थांबलात तेवा नाय," ती म्हणाली. "पांढरी एकाच्या खाली गेलात, तेवाच मी राट सोडलंय."

अडतीस वर्षांच्या संसारात तिनं कधी पेटीला हात लावला नव्हता. आपल्याला सुरातलं काही कळत नाही असं ती सगळ्यांना सांगायची, आणि त्यानंही ते खरं मानलं होतं. पण अडतीस वर्षं तो पडवीत बसून पट्टी वाजवत होता, कानशीनं घासत होता, पुन्हा वाजवत होता, आणि भिंतीपलीकडे ती भाकऱ्या थापत होती. त्याला फार बरं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं लपवलं नाही.

दोघांनी मिळून सायकल वर नेली. त्यानं एका बाजूनं धरली, तिनं दुसऱ्या. चालण्यापुरती मोटर चालू ठेवली होती, ती खालच्या खर्जात गुणगुणत होती. वाटेत आत्माराम म्हणाला की शस्त्रक्रियेचं सगळं मिटलंय, आता पंपाचं बघू. सत्यभामानं विचार केला. पंप हवा, म्हणाली, पण सकाळचा चालवायचा. संध्याकाळी त्याचा आवाज नको.

घरी पोचल्यावर फोनवर नेत्राची आठवण येऊन पडली होती: काका, कंपनीक तुमचा उत्तर होया. आत्मारामनं प्रश्न वाचून दाखवला. सायकल किमतीला पुरली का? काय लिहू, असं त्यानं बायकोलाच विचारलं, कारण मुळात प्रश्न तिचाच होता.

सत्यभामा चुलीपाशी होती. तिनं आधण उतरवलं, चहा गाळला, कपबशी त्याच्यासमोर ठेवली.

"लिवा," ती म्हणाली. "बावडेपर्यंत ऐकाक येता."